युरिया 10 टक्के क्रीम: कॅपेसिटाबिनच्या आठ सायकलींनंतरचा अनुभव

कॅपेसिटाबिन म्हणजे केमोथेरपीची, कर्करोगावरची गोळी. 14 दिवस गोळ्या, 7 दिवस सुट्टी. अशा आठ सायकली म्हणजे जवळजवळ सहा महिने. कॅपेसिटाबिनने केस बहुधा टिकतात, दुखणं निघतं ते हातापायांच्या तळव्यांवर. आधी मुंग्या, मग लाली, मग गरम चहाचा कप हातात धरवत नाही. पुढे सालपटं निघतात, भेगा पडतात. याला डॉक्टर हँड-फूट सिंड्रोम म्हणतात.

क्रीमबद्दल थेट सांगायचं तर चांगली आहे, पण लाली येण्याआधी, पहिल्या गोळीच्या दिवसापासून लावली तर. भेगा पडल्यावर युरिया झोंबतो. इतका की माणूस ट्यूब फेकून देतो आणि ‘क्रीमने त्रास वाढला’ असं सांगत सुटतो. उघड्या भेगेपुरती साधी पेट्रोलियम जेली लावावी, युरिया भेगेच्या आजूबाजूला.

दुसरी चूक मापाची. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. तेवढी एका हाताला, तेवढीच एका तळपायाला. एका वेळचे 2 ग्रॅम, दिवसातून तीनदा म्हणजे 6 ग्रॅम. 50 ग्रॅमची ट्यूब आठ दिवसांत संपते. संपत नसेल तर कमी लावली जातेय. सुट्टीच्या 7 दिवसांतही थांबायचं नाही, त्यामुळे एका सायकलीला 125 ग्रॅमच्या आसपास लागते. छोट्या ट्यूबा महाग पडतात, मोठं पॅक मागा.

लेबल वाचूनच घ्या. मेडिकलवाला ‘भेगांची क्रीम’ म्हणून 40 टक्के युरिया किंवा सॅलिसिलिक ॲसिडवाली देऊ शकतो. ती घट्टा विरघळवण्यासाठी असते, लाल झालेल्या पातळ कातडीसाठी नव्हे. वासाची क्रीमही नको.

लावायची वेळ: हात कोमट पाण्याने धुऊन, टॉवेलने न घासता टिपून, कातडी किंचित ओली असतानाच. रात्री वर सैल सुती मोजे. क्रीम चोळून जिरवायला जाऊ नये, घर्षणानेच हा त्रास वाढतो. म्हणून कपडे पिळणं, भाकरी थापणं, लसूण सोलणं, तारेच्या घासणीने कढई घासणं, मिरच्या चिरणं ही कामं सहा महिने दुसऱ्या कुणाकडे. (घरात हे पटवणं क्रीमपेक्षा अवघड.) भांडी घासायचीच असतील तर रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा हवा. नुसत्या रबरात घाम आणि उष्णता कोंडते. निघालेलं सालपट ओढू नये, लहान कात्रीने कडेला कापावं. घासायचा दगड बंद. कडक नवी कोल्हापुरी या काळात नकोच; मऊ तळाची, बोटं न दाबणारी चप्पल घ्या.

क्रीमच्या जोडीला डायक्लोफेनॅक या वेदनाशामक जेलबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. दिल्लीच्या एम्समध्ये 264 रुग्णांवर झालेल्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1 टक्का जेल हातांना दिवसातून दोनदा लावणाऱ्यांपैकी 3.8 टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र त्रास झाला; औषध नसलेलं जेल लावणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. आपल्याकडे हे जेल स्वस्त आणि सगळीकडे मिळतं. पण फुटलेल्या कातडीवर नको, आणि मूत्रपिंडाचा त्रास किंवा वेदनाशामकांची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. बी6 जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मात्र चाचण्यांत खात्रीचा उपयोग दिसलेला नाही.

क्रीम जिथे हरते ती जागाही ओळखता यायला हवी. शर्टाचं बटण लावताना बोटं दुखली, चालताना पाय टेकवेना, फोड आले, तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन करा. तेव्हा गोळ्या काही दिवस थांबवून पुढे डोस कमी करतात. ते काम कुठलीच ट्यूब करत नाही. ‘उपचार अर्धवट राहील’ या भीतीने त्रास लपवला की मग खरोखरच मोठा खंड पडतो.

आणखी एक गोष्ट कुणी आधीच सांगत नाही. बोटांचे ठसे पुसट होतात. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, बँकेत आधारची मशीन नकार देते. आधारला मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हे पहिल्या सायकलीआधीच बघा, म्हणजे ओटीपीने किंवा बुबुळाच्या स्कॅनने काम भागतं. गोळ्या थांबल्यावर ठसे साधारणपणे काही आठवड्यांत परततात. तोवर क्रीम चालू ठेवा.