बारा कोंबड्यांचं जाळीचं खुराडं, रत्नागिरीच्या पावसात वापरून

जाहिरातीत ‘१२ कोंबड्यांसाठी’ असं ठळक लिहिलेलं असतं. ते १२ विसरा. आठ धरा, आणि गिरिराज जातीच्या पाळत असाल तर सहाच. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. ज्यांना खरोखर पैसे घालायचे आहेत त्यांनी पुढचं वाचा, कारण खुराडं वाईट नाही, फक्त ते कोकणासाठी बनवलेलं नाही.

आधी आहे कसं ते सांगते. लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा. चार फूट लांब, अडीच फूट रुंद, जमिनीपासून हातभर उंच पायांवर उभं. तळाची जाळी पुढे उतरती, म्हणजे अंडं घातलं की घरंगळत बाहेरच्या पन्हळीत येतं. जाळीखाली शिट पडायला पत्र्याचा सरकता ट्रे. पुढे खाद्याची पन्हळ, बाजूला पाण्याची टाकी आणि तिला दोन निपल, म्हणजे चोचीने दाबलं की थेंब सोडणाऱ्या तोट्या. मला साडेसात हजारांना पडलं, गाडीभाडं वेगळं. असली खुराडी घाटावरच्या बऱ्याच वर्कशॉपांत बनतात आणि सगळी थोड्याफार फरकाने सारखीच, म्हणून विकणाऱ्याचं नाव देत नाही. टेम्पोवाला डांबरी रस्त्यावर उतरवून निघून जातो. आमचं घर पाखाडी चढून वर, त्यामुळे वाडीतली पोरं बोलवावी लागली. त्यांच्या चहा-भज्यांचा खर्च किमतीत धरा. जोडणं सोपं आहे. पेटीत पाना मात्र नसतो.

आता ते १२ कुठून आले? आत चार-चार फुटांच्या दोन दांड्या आहेत. म्हणजे ९६ इंच. एका कोंबडीला दांडीवर बसायला आठ इंच, भागाकार करा, आले १२. विकणाऱ्याने दांड्या मोजल्या, तळ मोजला नाही. तळ आहे दहा चौरस फूट. गादी पद्धतीत, म्हणजे तूस पसरून कोंबड्या ठेवतात तिथे, एकीला साधारण दोन चौरस फूट जागा धरतात. त्या हिशोबाने पाचच झाल्या. आमच्या दिवसभर परसात आणि काजूंखाली मोकळ्या फिरतात, खुराड्यात फक्त रात्र आणि सकाळ, म्हणून आठ चालतात. गिरिराजचं अंगच मोठं. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली ही जात मटणालाही आणि अंड्यांनाही चालावी म्हणून काढलेली. वरच्या दांडीवर तिला धड उडता येत नाही आणि उतरताना ती धप्पकन पडते. मी तिच्यासाठी फळीचा उतार लावलाय. सोबत येत नाही.

रात्रीचं गणित आषाढात कोलमडतं. झड लागली की कोंबड्या बाहेर पाय ठेवत नाहीत, दिवसच्या दिवस आत. मग सुरू होतं एकमेकींना चोची मारणं. शेपटीच्या बुडाची पिसं उपटतात, रक्त दिसलं की सगळ्या तिथेच टोचतात. मी शेवग्याचा पाला नाहीतर मुळ्याच्या पानांची जुडी चोचीच्या उंचीवर टांगते, तेवढा वेळ त्या त्यात गुंततात. जखमी झालेली लगेच वेगळी काढायची, डालग्याखाली. त्यासाठी जुनं डालगं टाकू नका.

पैसे वसूल होतात ते अंड्यांच्या पन्हळीत. आधी टोपल्या ठेवत होतो तेव्हा एकीच्या अंड्यावर दुसरी शिटेच्या पायाने जाऊन बसायची, पावसात तर प्रत्येक अंडं माखलेलं. अंडं धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि ते लवकर खराब होतं. न धुता माखलेलं अंडं गिऱ्हाइकाच्या हातात कसं ठेवायचं? आता कोरडी, स्वच्छ अंडी मिळतात. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडं घालतात, म्हणून मी दहाच्या पुढेच दार उघडते. त्यामुळे करवंदीच्या जाळीत अंडी शोधत हिंडणंही संपलं. आमच्यातली एक काळी तलंग अंडं फोडून खायला लागली होती. तीही थांबली, कारण ती मागे वळेपर्यंत अंडं पुढे गेलेलं असतं. सासूबाई अजून तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत.

पण पन्हळीची कड नुसत्या पत्र्याची आहे. अंडं उतारावरून येतं आणि टक्कन तिथे आपटतं. हातात घेतल्यावर काही दिसत नाही. बॅटरीच्या उजेडात धरा, बुडाशी बारीक रेघ निघते. असं अंडं दोन दिवसांत वास मारतं. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर चढवली आणि रेघा बंद झाल्या. ट्यूब लावूनही फुटत असतील तर दोष खुराड्याचा नाही, कवच पातळ आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम लागतं, नुसत्या कणीवर आणि उरल्या भातावर ते कुठून येणार? आम्ही शिंपले भाजून, कुटून वेगळ्या वाटीत ठेवतो. ज्यांना हवं त्या खातात, कोंबड्याला त्याची गरज नसते.

खाद्याची पन्हळ उथळ आहे. कोंबडी चोचीने खाद्य उडवते आणि निम्मं खाली. एकीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं, त्यात नासाडी धरली तर अंड्याचा सगळा नफा उंदरांच्या पोटात. अर्धीच भरा. निपल चांगली आहेत, पाण्यात शिट पडत नाही. मात्र आमच्या विहिरीच्या पाण्याने ती तुंबतात, अधूनमधून बोटाने दाबून थेंब येतो का बघावं लागतं.

जाहिरातीत नसलेला एक फायदा सांगते. खुडूक झालेली कोंबडी. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची नसेल तर ती आठवडेच्या आठवडे फुगून बसते, अंडं नाही, धड खाणं नाही. जुनी माणसं तिला पाण्यात बुडवतात, त्याचा उपयोग कमी आणि हाल जास्त. या खुराड्याची उतरती जाळी तिला अजिबात मानवत नाही. खालून वारा लागतो, पोटाला ऊब धरत नाही, अंडं जवळ राहत नाही. खाद्य-पाणी समोर ठेवून तीन-चार दिवस आतच ठेवली की बहुतेक ताळ्यावर येते. उलट पिलं काढायची असतील तर हे खुराडं कुचकामी. २१ दिवस बसणाऱ्या कोंबडीला पडवीतला कोपरा आणि टोपलीच हवी.

तब्येतीच्या बाबतीत जाळीचा तळ दोन्हीकडून बोलतो. शिट खाली पडते, कोंबडी ओल्या घाणीत चोच घालत नाही, त्यामुळे रक्ती हगवण पुष्कळ कमी झाली. ओल्या तुसावर वाढणाऱ्या पिलांना तीच मारते. दुसरीकडे सतत तारेवर उभं राहून तळव्याला चट्टे पडतात, त्यातून गाठ होते. निम्म्या तळावर मी फळी टाकलीय, ती आठवड्याला धुऊन उन्हात ठेवते. दांड्या लाकडी आहेत आणि त्यांच्या खाचांत दिवसा लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, लपतात, रात्री कोंबड्यांच्या अंगावर येतात. रात्री दांडीखाली पांढरं कापड घासून बघा, लाल ठिपके उमटले तर दांडी काढून उकळतं पाणी ओता. बाकी राखेचा खड्डा परसात ठेवा, त्या आपलं आपण लोळतात.

लस टोचायला मात्र या खुराड्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची गोष्ट आहे. मान पिळवटते, हिरवी शिट, श्वास घरघरतो, आणि वाडीत शिरली की घरोघरची खुराडी रिकामी. आठवड्याच्या पिलाला डोळ्यात लासोटा लसीचा थेंब, आठ आठवड्यांपुढे पंखाखाली आर-टू-बी ही लस. आमच्याकडे दवाखान्यात मिळते ती बाटली शंभर मात्रांची, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवायची, तीही बर्फावर ठेवून. आठ कोंबड्यांसाठी शंभर मात्रा कोण फोडणार? म्हणून वाडीतली घरं एकत्र येतो, थर्मास घेऊन घराघरातून फिरतो. टोचण्याच्या आठवडाभर आधी जंताचं औषध. बाकीच्यांच्या घरी संध्याकाळी पळापळ असते, कोंबडी माळ्यावर, माणूस शिडीवर. इथे दार सगळ्या पुढच्या बाजूचं उघडतं, अंधार पडल्यावर दांडीवरून एकेक उचलायची. डॉक्टरांचे मदतनीस म्हणाले, वहिनी, सगळ्यांना असंच खुराडं घ्यायला सांगा. मी म्हटलं, पागोळ्यांचं काय करू ते आधी सांगा.

कारण वरचा पत्रा खुराड्याच्या बरोबर मापाचा आहे. एक इंच पुढे नाही. पत्र्यावरची पागोळी सरळ खाद्याच्या पन्हळीत पडते, खाद्याचा लगदा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला बुरशी. बुरशीचं खाद्य कोंबडीच्या जिवावर बेततं. आगोटीच्या, म्हणजे पावसाआधीच्या, कामांतच मी पत्रा पुढे-मागे नऊ-नऊ इंच वाढवून घेतला आणि वाऱ्याच्या बाजूला माडाची झापं बांधली. ट्रेचं म्हणाल तर शिट आणि पावसाची दमट हवा, गणपतीपर्यंत कोपरे गंजून पोपडे निघाले. ट्रेमध्ये तुसाचा थर टाकत चला, ट्रे टिकतो आणि खत उचलायला सोपं जातं. ते ताजं झाडाला घालू नका, मुळं भाजतात. खड्ड्यात कुजवून मग माडाला.

सगळ्यात गंभीर तक्रार जाळीची. एक इंची आहे. मुंगूस आत शिरत नाही हे खरं, पण कांडेचोराला, म्हणजे उदमांजराला, आत शिरायचंच नसतं. तो रात्री पंजा घालतो आणि कडेला बसलेल्या कोंबडीचा पाय ओढतो. आमच्या एका चांगल्या अंडी देणाऱ्या कावेरी जातीच्या कोंबडीचा पाय त्यात गेला. विकणाऱ्याला फोन केला. उचलला, नीट बोलला, आणि म्हणाला, आमच्याकडे असली तक्रार कधी आली नाही. खरंही असेल, त्याच्या गावात कांडेचोर नसतील. जाळी बदलून द्यायला तयार नव्हता. मी अर्ध्या इंचाची जाळी आणून खालून दीड फुटापर्यंत बाहेरून शिवून घेतली. दाराची कडीही नुसती खाली पडणारी आहे, तिला तारेचा आकडा लावलाय.

पाचपैकी साडेतीन देते. दुरुस्त्यांचा खर्च हजार-बाराशे झाला, तो धरूनही सुतारापेक्षा स्वस्त पडतं. मागवणार असाल तर फोनवरच सांगा: बाजूंची जाळी खालून दीड फुटापर्यंत अर्ध्या इंचाची, पत्रा दोन्हीकडे नऊ इंच बाहेर, पन्हळीच्या कडेला रबर. थोडे पैसे वाढवून बहुतेक वर्कशॉपवाले करून देतात. तयार झाल्यावर मोजपट्टी लावलेला फोटो मागवा, मगच उरलेली रक्कम पाठवा.