घंटाळीजवळची 'बाळ कुठून येतं' कार्यशाळा, ठाणे : लहान मुलं असतील तर नक्की जा

ठाण्यात घंटाळीजवळ एक स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ही कार्यशाळा घेतात, रविवारी सकाळी दोन तास, एका मुलाबरोबर घरातली दोन मोठी माणसं चालतात, फी सातशे रुपये. माझी मुलगी, मी आणि सासूबाई अशा तिघी गेलो होतो आणि तेव्हापासून सोसायटीतल्या सगळ्या आयांना मी सांगत सुटलेय की जाऊन या.

नणंदेला सातवा महिना, घरात डोहाळजेवणाची गडबड, आणि मुलगी रोज विचारतेय बाळ आत गेलं कसं नि बाहेर कुठून येणार. कोणी म्हणतं देवबाप्पाने दिलं, कोणी म्हणतं हॉस्पिटलमधून आणतात, मग पोरगी परत माझ्याकडेच. शाळेवर सोडायचं तर स्टेट बोर्डात माणसाचं प्रजनन नीट येतं ते दहावीच्या विज्ञानात, तोपर्यंत काय थांबणार!

डॉक्टर सुरुवातीलाच सांगतात की बाळ जेवणाच्या पोटात नसतं, आईकडे त्यासाठी गर्भाशय नावाची वेगळी पिशवी असते. त्यावर एका मुलाने विचारलं, मग बाळाच्या अंगावर भात पडत नाही ना? त्याला खरंच ही काळजी होती आणि डॉक्टरांनी अजिबात न हसता जठर वेगळं, गर्भाशय वेगळं हे कापडी मॉडेलवर उघडून दाखवलं. स्त्रीबीज मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढं असतं म्हणून सगळ्यांना पेन्सिलने कागदावर बारीकात बारीक टिंब काढायला लावलं, नाळ साधारण अर्धा मीटर असते म्हणून तेवढी दोरी प्रत्येकाच्या हातात दिली, वार (गर्भाशयाला आतून चिकटलेला, नाळेने बाळाला जोडलेला भाग) आणि नाळेतूनच बाळाला सगळं मिळतं म्हटल्यावर पोरं आपापली बेंबी बघत बसली.

शुक्रजंतू आत कसे जातात हा प्रश्न आलाच. मोठी झालेली दोन माणसं, दोघांनाही हवं असेल तेव्हा, शरीराने जवळ येतात आणि बाबाचे शुक्रजंतू आईच्या योनीमार्गातून आत जातात, लहान मुलांनी हे करायचं नसतं, कोणी करायला सांगितलं तर लगेच घरी सांगायचं. एवढंच. मुलांना पटलं आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली, अवघडून बसलो होतो ते आपण मोठेच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो मुलगा-मुलगीचा भाग. आईच्या बीजात एक्स गुणसूत्रच असतं, बाबाच्या शुक्रजंतूत एक्स किंवा वाय, एक्स आलं तर मुलगी, वाय आलं तर मुलगा. सासूबाईंनी हळूच विचारलं, म्हणजे बाईच्या हातात काहीच नसतं? डॉक्टर म्हणाल्या, नाही आजी, काहीच नसतं. रिक्षात बसल्यावर त्या त्यांच्या जाऊबाईंबद्दल बोलायला लागल्या, तीन मुली झाल्या म्हणून आयुष्यभर काय काय ऐकून घेतलं त्या बाईने, आणि माझी मुलगी मधे बसून सगळं ऐकत होती. आजी-आजोबांना घेऊन जा असं मी म्हणतेय ते यासाठी.

दुसऱ्या तासात मुलं चिठ्ठीवर प्रश्न लिहितात आणि डॉक्टर ती चिठ्ठी त्याच मुलाच्या आईबाबांना देतात, कोपऱ्यात बसून आपणच उत्तर द्यायचं, अडलं तर त्या येतात. ही पद्धत फार मोलाची आहे कारण नंतर घरी प्रश्न आपल्यालाच येणार आहेत. माझ्या चिठ्ठीत होतं, 'मी कुठून बाहेर आले'. सिझर म्हणजे काय ते सांगितलं, टाका कुठे आहे ते सांगितलं, तिने दुखलं का विचारलं, मी म्हटलं हो, नंतर बरेच दिवस.

कमी काय वाटलं तर टेस्ट ट्यूब बेबी आणि दत्तक मूल हे शेवटी घाईघाईत उरकलं. घोडबंदर रोडला आयव्हीएफचे, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचे, एवढे बोर्ड आहेत, मुलं ते वाचतात आणि विचारतात, शिवाय आपल्या मुंबईत केईएम हॉस्पिटलमधे १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्मलंय, म्हणजे सांगण्यासारखं कितीतरी आहे. त्या दिवशी एक दत्तक मुलगा आला होता, त्याच्या आईला याहून जास्त हवं होतं हे दिसत होतं. मी फीडबॅक फॉर्ममधे हे सविस्तर लिहिलंय.

बाबा लोक फार कमी होते, या वेळी मी नवऱ्याला पाठवणारे. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही, स्टेशनवरून चालत जाता येतं. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांची बॅच वेगळी आहे, त्यात पाळी आणि वयात येणं घेतात, मुलगे-मुली एकत्र बसवून. जागा लवकर भरतात, आधी फोन करून नाव द्या.