मेडनप्रेमी पोरांचे टी-शर्ट : प्रिंट झकास, गळ्याचं काय?

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या वेडातून निघालेल्या या टी-शर्टांबद्दल सगळे जण चित्राचंच बोलतात, म्हणून मी गळ्यापासून सुरुवात करतो.

काळा ओव्हरसाइज टी-शर्ट, २४० जीएसएम (चौरस मीटरला २४० ग्रॅम, म्हणजे जाडसर कापड), किंमत ८९९ रुपये. गेल्या दिवाळीच्या आसपास घेतला. आज छातीवरचं चित्र जवळपास जसंच्या तसं आहे आणि गळा लाटलेल्या पापडाच्या कडेसारखा वर-खाली झालाय. हाताने दाबून बसवला की जरा वेळ बसतो, मान वळवली की पुन्हा तेच. माझ्याकडे मेडनच्या २००७ च्या बंगळूरच्या कॉन्सर्टमधला टी-शर्ट अजून आहे. त्याचं प्रिंट पार भेगाळलंय, काळ्याचा राखाडी झालाय, बायको तो फरशी पुसायला घ्यायच्या बेतातच असते. पण त्याचा गळा आजही मानेला धरून, सपाट. म्हणजे लोकांना जमतं. मग ८९९ रुपयांत का जमू नये?

ज्यांना हे टी-शर्ट माहीत आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. आयर्न मेडनने झपाटलेली कोथरूडची दोन पोरं आहेत. एक चित्रं काढतो, दुसरा छापून आणतो आणि इन्स्टाग्रामवर विकतो. बँडचं नाव वापरत नाहीत, लोगो वापरत नाहीत, एडीला, म्हणजे बँडच्या अल्बमवरच्या सांगाड्यासारख्या पात्राला, तर हातही लावत नाहीत, आणि ते शहाणपणाचंच आहे. चित्रकार डेरेक रिग्जने काढलेला एडी १९८० मध्ये पहिल्या अल्बमवर आला, तेव्हापासून तो बँडचा चेहराही आहे आणि मालमत्ताही. या पोरांचा सांगाडा वेगळा आहे. तो स्कूटरवर बसलाय, तोंडाला स्कार्फ गुंडाळलाय, फक्त डोळ्यांच्या खोबणी उघड्या, हातात कोपरापर्यंत पांढरे मोजे, नंबर प्लेटवर एमएच १२. मागे पुण्यातला झेड ब्रिज, आणि कठड्याला टेकून बसलेली सांगाड्यांची जोडपी. आम्ही मित्र त्याला अण्णा म्हणतो. स्कार्फ-मोजे बघता ताई म्हणायला हवं, पण अण्णा रुळलं.

पाठीवर बँडच्या भारतातल्या तारखा : १७ मार्च २००७ बंगळूर, १ फेब्रुवारी २००८ मुंबई, १५ फेब्रुवारी २००९ बंगळूर. आणि खाली, त्याच अक्षरात, ‘पुणे : बघू’. तारखा मी तपासल्या. तिन्ही बरोबर. फॅशन स्ट्रीटला तीनशे रुपयांत एडीचे डुप्लिकेट मिळतात, त्यांच्या पाठीवर युरोपातली कुठलीही शहरं कुठल्याही सालाशी जोडलेली असतात. इथे निदान छापणाऱ्याला माहीत आहे की तो काय छापतोय. एवढ्यासाठीच मी पहिल्यांदा पैसे दिले.

आता प्रिंट. पहिला टी-शर्ट डीटीएफचा आहे. म्हणजे चित्र आधी प्लास्टिकच्या फिल्मवर उलटं छापतात, त्यावर पांढऱ्या शाईचा थर, त्यावर गोंदाची पावडर, ती वितळवून घ्यायची आणि मग सगळं हीट प्रेसखाली कापडावर चिकटवायचं. एकच नग हवा असला तरी परवडतं, रंग कितीही घ्या. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते, त्यामुळे पाच-पंचवीस नगांसाठी कुणी हात लावत नाही. घरून धंदा करणारी पोरं डीटीएफकडे वळतात ती यामुळेच. डीटीएफ काही महिन्यांत सोलतं असं मला चार जणांनी सांगितलं होतं. माझं सोललेलं नाही. स्कार्फच्या टोकाला एका ठिकाणी कड किंचित उचलली आहे, ती बटर पेपर ठेवून इस्त्री फिरवल्यावर बसली. धुताना उलटा, गार पाणी, वाळत सावलीत, प्रिंटवर थेट इस्त्री नाही. एवढं पाळलं की झालं. प्रिंटला मी दहापैकी नऊ देऊन टाकले होते.

मे महिन्यातली भर : नऊ मागे घेतो. सहा.

झालं असं की चित्राची पार्श्वभूमी रात्रीची आहे, म्हणजे काळी. टी-शर्टही काळा. साधं डोकं असं सांगतं की चित्रातला काळा छापूच नये, तिथे कापडाचाच काळा दिसू द्यावा. तसं न करता पोरांनी अख्खा चौकोन छापलाय, काळ्यावर काळा. थंडीत कळलंही नाही. एप्रिल उजाडला आणि दुपारी दोन वाजता अलका चौकाच्या सिग्नलला उभं राहिल्यावर कळलं की आपल्या छातीवर फूटभर प्लास्टिकचा थर आहे आणि त्यातून हवा इकडची तिकडे जात नाही. बाजूने घाम, चौकोनाखाली वाफ. घरी येऊन टी-शर्ट काढला की छातीवर चौकोन उमटलेला. आई म्हणाली, “पैसे देऊन घामोळं विकत घेतलंस.” मुद्दा मान्य.

तर पुन्हा गळा. गळ्याची पट्टी रिबची असते, विणीतच ताण असलेलं कापड. त्यात थोडा लायक्रा असला की ओढल्यावर परत जागेवर येते. शिवाय पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा आखूड कापून, ताणून शिवायची असते, म्हणजे ती मानेकडे ओढ घेते. पट्टी सैल कापली, किंवा अंगाचं कापड धुतल्यावर आटलं आणि रिब आटली नाही, की जास्तीची रिब जाणार कुठे? लाटा येतात. २४० जीएसएमचा टी-शर्ट भिजला की जड होतो आणि हँगरवर टांगला की ते सगळं वजन गळ्यावर. आमच्याकडे मावशी गॅलरीतल्या दांडीवर काठीने आडवा टाकतात, त्यामुळे हँगरचा आरोप मला लागू नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे तो आरोप झालाच.

विकणाऱ्या पोराला गळ्याचे फोटो पाठवले. घेताना मी ‘ब्रो’ होतो. फोटो पाठवल्यावर ‘सर’ झालो. रिबमध्ये लायक्रा किती टक्के आहे असं विचारल्यावर थेट ‘काका’.

“काका, हँगरला लावला होता का?”

“नाही.”

“मशीनमध्ये टाकला का?”

“अरे, टी-शर्ट मशीनमध्ये नाही टाकायचा तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा?”

यावर एक हसरा चेहरा आला आणि मग बराच काळ शांतता. पुढे त्याने कळवलं की कोरे टी-शर्ट ते तिरुपूरहून आलेल्या लॉटमधून घेतात, त्यांच्या हातात फक्त छपाई असते, गळ्याची गॅरंटी पुढून मिळत नाही. मला हे उत्तर पटत नाही. मी चित्राचा चौकोन विकत घेतलेला नाही, टी-शर्ट घेतलाय, आणि टी-शर्टला डोकं घालायला एक भोक असतं. नुकसानभरपाई म्हणून स्टिकरचा एक कागद आला. स्टिकर उत्तम आहेत. मुलाच्या कंपासपेटीवर आहेत.

शेवटी नारायण पेठेतल्या अल्टर करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी गळा दोन बोटांत धरून ओढला, सोडला, तो परत आला नाही. म्हणाले, “ही रिब नाहीच, साधीच पट्टी आहे. रविवार पेठेतून काळी रिब आणा, लायक्रावाली मागा.” रिब ३० रुपये, शिलाई १००. त्यांच्याकडे कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन आहे, सपाट शिवणीचं फ्लॅटलॉक नाही, त्यामुळे आतली शिवण थोडी जाड लागते, पण मागच्या बाजूने खांद्यापासून खांद्यापर्यंत पट्टी लावून ती झाकून दिली. न सांगता. आता गळा २००७ च्या टी-शर्टला मान खाली घालायला लावेल असा बसलाय. म्हणजे माझा टी-शर्ट १०२९ रुपयांना पडला. ते १३० रुपये मी पोरांकडे मागितले. प्रश्न १३० रुपयांचा नाहीये. (आहे.) अजून मिळालेले नाहीत.

एवढी किरकिर करून मी दुसराही घेतला, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण दुसऱ्याचं चित्र बघा. २००८ च्या टूरला मेडनने बोइंग ७५७ भाड्याने घेतलं होतं, आणि ते चालवायला कॉकपिटमध्ये ब्रूस डिकिन्सन स्वतः. तो गातो तसा व्यवसायाने वैमानिकही होता. टूरचा पहिलाच कार्यक्रम मुंबईत होता. पोरांनी ते विमान पर्वतीवरून लोहगावच्या दिशेने उतरताना काढलंय, खिडकीखिडकीतून अण्णा डोकावतायत, आणि पर्वतीच्या पायऱ्यांवर पहाटे फिरायला आलेले सांगाडे माकडटोपी घालून वर बघतायत. बँड पुण्यात कधी वाजला नाही. चित्रात निदान उतरतोय तरी.

हा दुसरा स्क्रीन प्रिंट आहे, दोनच रंग, पांढरा आणि पिवळट. छपाई झाली गणपती मंडळांचे टी-शर्ट छापणाऱ्या एका कारखान्यात, त्यामुळे जुलैपासून ‘गणपतीपर्यंत मशीन मोकळं नाही’ हे ऐकत बसावं लागलं. विसर्जन झालं, नवरात्र आलं, तेव्हा कुठे टी-शर्ट हातात आला. उशीर झाला ते सोडून देतो, कारण छपाईचा दर्जा वेगळाच आहे. काळा कुठेही छापलेला नाही, सगळा कापडाचा. विमानाच्या सावल्या बारीक ठिपक्यांनी काढल्यात, लांबून राखाडी दिसतात, जवळून ठिपके. हाताला जेमतेम थर लागतो. प्लॅस्टिसॉल, म्हणजे उष्णतेने पक्की होणारी शाई, पुरती भाजली गेली नाही तर ताणल्यावर तडकते, म्हणून मी दुकानदारासारखा घेतानाच दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघितली. तडकली नाही. पोरगा म्हणाला, “काका, आधी पैसे तरी द्या.” किंमत ९४९. चित्र काढणाऱ्याला काळ्याबद्दल मी पाठवलेला लांबलचक मेसेज पोचला होता की त्याला स्वतःलाच सुचलं, विचारलं नाही. श्रेय मी घेतोय.

गळा? कोऱ्या टी-शर्टचा पुरवठादार तोच. अजून तरी ठीक आहे, पण मी तो बायकोच्या चांगल्या कुडत्यांच्या ढिगात धुवायला टाकतो, म्हणजे मावशी जरा प्रेमाने पिळतात.

तिसरी खरेदी ए-थ्री आकाराचं पोस्टर, ४०० रुपये, झेड ब्रिजवालंच चित्र. कागद जाड, छपाई सुरेख. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत फ्रेम करायला ६५० लागले, म्हणजे चित्रापेक्षा चौकट महाग. एक सांगतो : फ्रेमवाल्याला चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) टाकायला सांगा. मी सांगितलं होतं, तरी पावसाळ्यात कागद खालच्या बाजूला थोडा फुगलाच, पण काचेला चिकटला नाही. मित्राचं चिकटलंय. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू नका. त्याच मित्राकडे स्कूटरचा लाल उडून विटकरी झालाय. रंग टिकायचे तर पिगमेंट शाई लागते. कोणती वापरता असं पोरांना विचारलं तर ‘चांगली’ असं उत्तर आलं.

पोस्टर मोठं असल्यामुळे एक गंमत मात्र उशिरा दिसली. रिग्ज आपल्या चित्रांत स्वतःची खूण कुठेतरी लपवायचा, मेडनवाले ती शोधत बसतात. या पोरानेही लपवली आहे : पुलाच्या कठड्यावर, तिसऱ्या जोडप्याच्या शेजारी, अमृततुल्यचा अर्धा भरलेला ग्लास, आणि त्यावर त्याची आद्याक्षरं. मग टी-शर्ट शोधला, तिथेही तो आहे, नखाएवढा. विमानाच्या चित्रात तो पर्वतीच्या एका पायरीवर ठेवलाय. एवढं बारीक काम करणाऱ्याचं नाव टी-शर्टवर कुठेच छापलेलं नाही, नुसती आद्याक्षरं, तीही चहाच्या ग्लासावर. जॉन पाशेने १९७० मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडची ती लाल जीभ काढली तेव्हा त्याला पन्नास पौंड मिळाले होते. पुढे मूळ चित्र लंडनच्या व्ही अँड ए म्युझियमने विकत घेतलं. कोथरूडच्या पोराला एका टी-शर्टमागे किती मिळतात ते मी विचारलं. दोघं निम्मे-निम्मे वाटून घेतात म्हणाला, म्हणजे विकणाऱ्याइतकेच. हे आवडलं. गळ्याचा राग थोडा उतरला.

घ्यावा का? स्क्रीन प्रिंटवाला घ्या. डीटीएफवाला डिसेंबर-जानेवारीपुरता घ्यायचा तर घ्या. ओव्हरसाइज मापं खरंच मोठी आहेत, नेहमी एल घालत असाल तर एम मागा. देताना गळा ओढून, सोडून बघा. परत आला नाही तर दुसरा नग मागा, पोरं देतात, तोंड वाकडं करतात पण देतात.

तिसरं डिझाइन येतंय. ढोल-ताशा पथकात टोल धरलेले अण्णा. या वेळी लायक्रावाली रिब असलेला लॉट वेगळा मागवणार आहेत, म्हणून दर ९९९ आणि आगाऊ बुकिंग. मी ३७० पाठवलेत. निम्मे पाचशे होतात, त्यातून १३० वजा.