शनिवारचे नाटक की रविवार सकाळची मैफल?

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या भाचीला महिन्यातून एकच मोकळा शनिवार-रविवार मिळतो. तो दादरच्या शिवाजी मंदिरातील नाटकाला द्यावा की एखाद्या सभागृहातील सकाळच्या शास्त्रीय मैफलीला, असे तिने विचारले.

खर्चात मैफल सरस ठरते, कारण संगीतसभांचे बरेच कार्यक्रम विनामूल्य किंवा अल्प देणगीत असतात, तर चौघांच्या कुटुंबाला नाटकाची पुढची तिकिटे जड जातात. प्रवासात मात्र नाटकाची बाजू उजवी आहे. शिवाजी मंदिर दादर स्थानकापासून चालत गाठता येते; रविवारी मेगाब्लॉक असला, तर मैफलीसाठी तासभर आधीच घर सोडावे लागते.

खरा फरक ऐकण्याच्या पद्धतीत आहे. नाटक तिसऱ्या घंटेपासून आपल्याला हाताशी धरून नेते, मध्यंतरात गरम बटाटावडा मिळतो आणि अडीच-तीन तासांत गोष्ट पूर्ण होते. मैफलीत आधी तानपुरे जुळतात. मग विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात तोडी या सकाळच्या रागातला कोमल गंधार हा स्वर गायिका अशी सावकाश उलगडते, की पहिली पंधरा मिनिटे काहीच घडत नसल्याचे वाटते आणि नंतर उठवत नाही. बहुतेक मैफली संध्याकाळी होत असल्याने सकाळचे राग प्रत्यक्ष ऐकण्याची संधी विरळाच, म्हणून माझा कल तिकडे आहे.

लहान मुले किंवा प्रथमच येणारे पाहुणे सोबत असतील, तर नाटक निवडावे. एकटीने किंवा जाणत्या मैत्रिणीबरोबर जायचे असेल, तर मैफल.