गुरुजींसाठी पद्म की अकादमी?

पंचवटीतल्या आमच्या तबल्याच्या क्लासमधला राहुल विचारत होता, "दादा, गुरुजींसाठी पद्मश्रीचा अर्ज भरू की संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारासाठी खटपट करू?"

दार कुणाला उघडं? पद्मचं सगळ्यांना. सरकारी पोर्टलवर कोणीही नामांकन भरू शकतो, अगदी स्वतःचंसुद्धा. अकादमीत नावं सुचवणारे आणि निवडणारे मुख्यतः त्याच क्षेत्रातले, म्हणजे इतरांनी तुमचं वादन ऐकलेलं हवं. मला हेच जास्त पटतं.

मेहनत मात्र पद्मला. कार्याचा परिचय ८०० शब्दांत बसवायचा. गुरुजींची पन्नास वर्षांची हँडबिलं गोधडीच्या पिशवीत आहेत, टाचण्या गंजलेल्या, निम्म्यांवर तारीख आहे पण सालच नाही! ती लावण्यातच आमचे दोन रविवार गेले.

पैसा? पद्मला रोख शून्य, आणि 'पद्मश्री' नावापुढे उपाधी म्हणून लावताही येत नाही (पत्रिकांत सर्रास छापतात, ते सोडा). अकादमी एक लाख रुपये, ताम्रपट आणि अंगवस्त्र देते.

गुरुजी आयुष्यभर नाशकातच शिकवत राहिले, मैफिली मोजक्याच. अशा माणसासाठी पद्मचा अर्ज बरा. राहुल स्वतः देशभर वाजवतो, चाळिशीच्या आतला आहे. त्याने अकादमीच्या उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्काराकडे बघावं. आणि भरपूर वाजवलेल्या ज्येष्ठांसाठी अकादमीच.