एटीव्हीसाठी १०डब्ल्यू-४० ऑइल: सोलापूरच्या उन्हात कसं?

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि शेतात रांगणारी एटीव्ही (खडबडीत रानात चालणारी चार चाकांची मोटरसायकल) आणखीच तापते. गिअरवाल्या गाडीला ‘जासो एमए२’ (मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा) दर्जाचं १०डब्ल्यू-४० (हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) उत्तम. कारचं ऑइल घातलं तर वेट क्लच (इंजिन ऑइलमध्येच बुडालेला क्लच) स्लिप होऊ शकतो. मॅन्युअलमधला ग्रेड मात्र आधी पाहा.

लेव्हल बघायला गाडी सपाट जागी लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तितकंच थांबा. डिपस्टिक (ऑइलची लेव्हल मोजायची पट्टी) पुसून घाला. आटे फिरवायचे की नुसती टेकवायची हे मॉडेलनुसार बदलतं, घोळ इथेच होतो. कमी असेल तर ५०-५० मिली भरा. जास्त झालं तर फेस येतो, ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइल एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरचा डबा) शिरतं. दुधट दिसलं तर पाणी गेलंय, बदलाच. ऑइल ओतायला नरसाळं मात्र वेगळं घ्यावं लागतं.