परफॉर्मन्स टायर म्हणून सात वर्षांचे जुने टायर गळ्यात मारले, कोल्हापूरकरांनो तारीख बघून घ्या

लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण परवा ऑफिसमधल्या एका पोरानं त्याच दुकानाचा पत्ता विचारला तेव्हा म्हटलं बास, आता सगळं सविस्तर लिहायचं. दुकानाचं नाव टाकत नाही कारण माझ्या हातात पक्कं बिल नाही, आणि बिल का नाही तेही पुढं येतंयच.

माझी बलेनो २०१८ ची. रोज राजारामपुरी ते कागलची पंचतारांकित एमआयडीसी आणि परत. कंपनीचे टायर ४८ हजार किलोमीटर चालले, मग २०२४ च्या जूनमध्ये पाऊस तोंडावर आला तसे बदलायला काढले. हायवेला सहापदरीचं काम, सर्व्हिस रोडला नुसता चिखल, म्हणून या वेळी ओल्यात पकड देणारे जरा चांगले टायर घ्यायचे ठरवलं होतं. साईज तीच, १९५/५५ आर १६, फक्त पॅटर्न परफॉर्मन्सचा. मऊ रबर लवकर झिजतं हे माहीत होतं, झिजू दे म्हटलं, पावसात ब्रेक लागला पाहिजे.

दोन दुकानांत एका टायरचे साडेसात हजार सांगितले, तिसऱ्यानं ६,४००. चार टायरला सरळ ४,४०० वाचत होते. आणि माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू, टायरवर साईजपुढं छापलेलं ८७ म्हणजे एक टायर ५४५ किलो पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंतचं रेटिंग, एच घेतला तर २१०, सगळं नीट समजावून सांगितलं. घरी येऊन बघितलं तर यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तर माझा विश्वास बसला.

पुढचे दोन टायर त्यानं माझ्यासमोर काढले, बसवले. बाहेर पाऊस सुरू झाला, संध्याकाळ झालेली, तेवढ्यात म्हणाला, "साहेब, तुम्ही समोर चहा घेऊन या की, अर्ध्या तासात गाडी रेडी करतो." मी गेलो. परत आलो तर चारही चाकं काळीभोर, चकचकीत. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी वरून लागेल, उगाच कशाला, आणि एस्टिमेटच्या चिठ्ठीवर टायर ४ नग, २५,६०० एवढंच लिहून दिलं, ना कंपनीचं नाव ना नंबर. दहा हजार यूपीआयनं दिले, बाकी रोख. माझे जुने चार टायर तीनशे रुपयाला एक असे त्यानंच ठेवून घेतले.

आठवड्याभरानं आईला कागलला मावशीकडं सोडायला निघालो होतो, गोकुळ शिरगावच्या अलीकडं हायवेवरून सर्व्हिस रोडला उतरताना वळणावर गाडीचा मागचा भाग सुटला. वेग चाळीससुद्धा नव्हता. स्टिअरिंग पुढं बरोबर चाललंय आणि मागनं कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी आडवी झाली. समोरून दुधाचा टँकर येत होता, त्यानं कचकन ब्रेक मारला म्हणून वाचलो. आई मागच्या सीटवर होती, ती काहीच बोलली नाही, फक्त पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. ते हात अजून डोळ्यासमोर येतात.

दुकानात गेलो तर म्हणतो नव्या टायरवर मोल्डमधलं वॅक्स असतं, दोनशे किलोमीटर पळवा, ग्रिप येईल. हेही अर्धं खरंच आहे, नवा टायर सुरुवातीला थोडा निसटतोच. मी ऐकलं आणि तशीच गाडी चालवली, जवळजवळ हजार किलोमीटर, घरची माणसं घेऊन.

शेवटी गाडी डावीकडं ओढते म्हणून उद्यमनगरात अलाइनमेंटला नेली. तिथले मामा वयस्क माणूस, गाडी रॅम्पवर चढवून बॅटरी मारली आणि थांबलेच. "साहेब, मागची दोन्ही टायरं उलटी बसवल्यात की ओ." या पॅटर्नच्या टायरची आतली आणि बाहेरची बाजू वेगळी असते, बाहेरच्या बाजूला इंग्रजीत आउटसाइड असं छापलेलं असतं. माझ्या मागच्या दोन्ही चाकांना ते आउटसाइड गाडीच्या पोटाकडं होतं. चुकून एक झालं असतं, दोन्ही कशी होतील? मामांनी बोटानं तिथला चिखल पुसला आणि कारण दिसलं, डॉट (DOT) या अक्षरांच्या पुढं टायर बनल्याच्या तारखेचे चार आकडे, ३११७. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. पुढच्या टायरवर ०८२४ होतं. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, ती बाजू आत घातली की बाहेरून बघणाऱ्याला कळायचं काही कारणच नाही.

नक्षीची खोली मोजली, पुढं साडेसात मिलीमीटर, मागं जेमतेम पाच. बलेनोला जोर पुढच्या चाकांना, मग मागचं हजार किलोमीटरमध्ये अडीच मिलीमीटर झिजेल कसं? टायर रिमवरून उतरवला तर आत पंक्चर काढल्याचा मशरूम पॅच, जुना, कडा काळ्या पडलेला. म्हणजे नुसता जुना माल नाही, कुणाच्यातरी गाडीचे वापरलेले टायर पॉलिश मारून मला विकले. नखानं दाबलं तर पुढचं रबर दबायचं, मागचं लाकडासारखं. टायर झिजून संपला हे दाखवणारी टीडब्ल्यूआयची १.६ मिलीमीटरची खूण लांब होती, त्यामुळे नक्षी बघून कुणीही चांगलाच टायर म्हणालं असतं, पण कडक झालेलं रबर ओल्यात धरत नाही. आणि जुने मुद्दाम मागं घातलेले, पुढं घातले असते तर स्टिअरिंगवर मला लगेच कळलं असतं. खरं तर दोनच चांगले असतील तर ते मागं घालायचे असतात, मागचं सुटलं की साध्या माणसाला गाडी सावरत नाही.

फोटो घेऊन परत दुकानात गेलो. गोड बोलणं संपलं होतं. "आमच्याच दुकानातलं कशावरनं? बिल दाखवा." यूपीआयचा मेसेज दाखवला तर ते पैसे त्याच्या भावाच्या खात्यावर गेलेले. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला, त्यांनीही पहिलं बिलच मागितलं. लय वाद घातल्यावर दोन्ही टायरचे मिळून तीन हजार देतो, टायर परत द्या म्हणाला. मी दिले नाहीत.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा टायर रिमवर चढायच्या आधी जमिनीवर असतानाच चारही टायरचे ते चार आकडे स्वतः वाचा, फोटो काढा आणि पक्क्या बिलावर लिहून घ्या. जीएसटी लागतो तर लागू दे. एकाची तारीख बघून बाकीच्यांवर विश्वास ठेवू नका. आत हात घालून पॅच आहे का बघा, आयएसआय मार्क बघा, नवीन टायरला बारीक रबरी केस असतात, ते नसून नुसती चमक असेल तर विचारा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढं नक्षी कितीही असली तरी वापरू नका असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात, हे तर सातला आलेलेच होते. आणि चाक चढेपर्यंत तिथंच उभं राहा, चहा नंतर प्या.

मी मागं दोन नवीन टायर बिलासकट घेतले, पुन्हा पंधरा हजार खर्च झाले. ते जुने दोन परत दिले असते तर पॉलिश मारून दुसऱ्या कुणाच्यातरी गाडीला लागले असते. म्हणून मामांच्याच शेजारच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरनं दोन्हींची साईडवॉल आरपार कापून घेतली आणि मगच भंगारात टाकले.